बोळा

"जावईबापू, हिच्या ढुंगणात बोळा कुणी घातलाय?"

रविवारी सकाळी साडेदहा वाजता, भर गल्लीत, बायकोच्या मामांनी मला हा प्रश्न विचारला. आवाज एसटी स्टँडवरचा. इथे मिशिगनात कुणाला काय कळतंय, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. मग आठवलं, समोरच्या घरात कोल्हापूरचे लोक राहतात. त्यांच्या खिडकीचा पडदा हललेला मी पाहिला.

ही म्हणजे माझी गाडी. १९९६ ची माझदा मियाता. दोन सीट, उघडणारं छप्पर, आणि काम नसलं की पापण्या मिटून घेणारे दिवे. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजारभर फुटांवर मिठाची खाण आहे. हिवाळ्यात इकडच्या रस्त्यांवर मीठ इतक्या सढळ हाताने पडतं की पत्रा लोणच्यासारखा मुरतो. म्हणून नोव्हेंबरात गाडी गॅरेजमध्ये जाते ती एप्रिलमध्ये बाहेर येते. मधले पाच महिने मी तिच्याकडे बघतो आणि इन्शुरन्स भरतो.

झोपवायचे सोपस्कार मी शास्त्रोक्त करतो. ऑइल आधी बदलायचं, कारण वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि पाणी हिवाळाभर आतलं धातूकाम खात बसतं. टाकी गळ्यापर्यंत भरून त्यात पेट्रोल टिकवायचं औषध ओतायचं. टायरमध्ये हवा जास्त ठेवायची. हँडब्रेक ओढायचा नाही, कारण पॅड डिस्कला चिकटून बसतात. त्याऐवजी चाकाला लाकडी ठोकळा. बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवायचा. आणि उंदरांचा बंदोबस्त करायचा. मागच्या वर्षी एका उंदराने एअर फिल्टरच्या डब्यात, शेजाऱ्याने पक्ष्यांसाठी टांगलेलं सूर्यफुलाचं बी आणून कोठार केलं होतं. हे सगळं मी एका कागदावर लिहून, लॅमिनेट करून भिंतीला लावलंय. चौदा मुद्दे. बायको त्याला चौदा विद्या म्हणते.

तर रविवारी बाहेर आठ डिग्री, ऊन पडलेलं, मुहूर्त उत्तम. बॅटरीला मीटर लावला, साडेअकरा व्होल्ट. भरलेली बॅटरी साडेबाराच्या वर दाखवते. साडेअकरा म्हणजे गेल्यात जमा. चार्जरच्या वायरचा माग काढत गेलो तर चार्जरची पिन जमिनीवर लोळत होती आणि सॉकेटमध्ये डीप फ्रीझरची पिन होती.

"अगं, चार्जर कुणी काढला?"

"जानेवारीत काढला. मटार होते ना."

मटार! बारा पौंड सोललेले मटार, ओल्या नारळाचा चव आणि गेल्या गणपतीचे मोदक सुखरूप राहावेत म्हणून माझी बॅटरी तीन महिने मरत होती. गॅरेजमध्ये आणखी दोन सॉकेट आहेत, हे मी नम्रपणे सांगितलं. "ती लांब आहेत," असं उत्तर आलं.

आता खरं म्हणजे चार्जर लावून रात्रभर थांबायला हवं होतं. पण मामा चहाचा कप घेऊन, कानटोपी घालून बाहेर आले. मामा सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते. रिटायर झाले, पण तपासणी सुटलेली नाही. विमानातून उतरल्यावर त्यांनी एअरपोर्टच्या बसखाली वाकून पाहिलं होतं.

"बंद पडली?"

"बंदच होती मामा. पाच महिने."

"पाच महिने! आमच्याकडं गाडी पाच महिने उभी असली तर तिचं काय काय गेलंय ते बघायला पंचनामा करतात. बॅटरी कुठंय?"

"डिकीत."

"डिकीत? मग बोचकी कुठं ठेवायची?"

मी म्हटलं, ही बोचक्यांची गाडी नाही. मामांनी गाडीकडे अशा नजरेनं पाहिलं की पाच महिन्यांचा इन्शुरन्स मला घशात जाणवला.

मग धक्क्याचा प्रस्ताव आला. डेपोत म्हणे स्टार्टर गेलेली गाडी उतारालाच उभी करायची, पॅसेंजर उतरवायचे, दहा माणसं लावायची. मी सांगितलं, ही पेट्रोलची, इंजेक्शनवाली. बॅटरी पार बसली तर पंपही चालत नाही, नुसता धक्का देऊन काय होणार. मामा म्हणाले, "१९४८ साली पुणे-नगर पहिली एसटी धावली, तेव्हा तुमचं ते इंजेक्शन होतं का?" या युक्तिवादाला उत्तर काय द्यायचं? तुम्हाला सुचलं तर मला कळवा.

तरी धक्का दिलाच, पण गॅरेजमधून अंगणात काढण्यापुरता, धूर आत कोंडू नये म्हणून. मग शेजारचे आजोबा आपला पिकअप घेऊन आले. आयुष्य अमेरिकन गाड्या बनवण्यात गेलं त्यांचं. माझ्या जपानी गाडीकडे ते सहसा बघत नाहीत, पण अडल्यानडल्याला येतात. तांबडे चिमटे लावले, मग काळे. शेवटचा काळा चिमटा मी बॅटरीला न लावता लांबच्या उघड्या लोखंडाला लावला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्या तोंडाशी नको. मामा म्हणाले, "एवढी भीती होती तर सायकल घ्यायची."

मग मी इंधनाचा फ्यूज काढून आधी नुसता स्टार्टर फिरवून घेतला. महिनोन्‌महिने निथळून गेलेलं ऑइल वर चढावं, इंजिन कोरडं घासू नये म्हणून. मग फ्यूज लावला आणि किल्ली फिरवली. गाडी पेटली, दोनदा ठसकली आणि गेली. परत फिरवली. परत तेच.

"रेस द्या!" मामा ओरडले.

"थंड इंजिनला रेस देत नाहीत मामा."

"मग तापणार कसं? रेस द्या!"

शेजारच्या आजोबांना मराठी येत नाही, पण त्यांनीही हाताने रेस द्यायची खूण केली. चार वेळा झालं. पेट्रोलचा वास सुटला. मी पेट्रोल शिळं झालंय, पंप गेलाय, सेन्सर गेलाय, असे एकाहून एक महागडे सिद्धांत मांडत होतो. मामांनी कप शांतपणे बोनेटवर ठेवला (बोनेटवर! पॉलिशवर!), मागे गेले आणि "मारा परत" म्हणाले. मी स्टार्टर मारला. त्यांनी सायलेन्सरला तळहात लावून पाहिला, वाकले, आत बोट घातलं. त्यानंतर तो प्रश्न आला.

उंदीर शिरू नये म्हणून नोव्हेंबरात मीच तारेची घासणी फडक्यात गुंडाळून तिथे ठासली होती. त्याला लाल फीत बांधून स्टीअरिंगवर चिठ्ठी लावायची असते. मी लावली नव्हती, कारण माझ्या लक्षात राहणार होतं. चौदा मुद्द्यांत ते नाही.

बोळा निघाला आणि गाडी एका किल्लीत लागली. वरून टकटक सुरू झाली. "टॅपेट वाजतायत. सेट करायला लागतील." झडपा दाबणारे हे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, आत ऑइल भरलं की आपोआप गप्प बसतात, असं मी सांगितलं. पाच-सात मिनिटांत खरंच बसले. मामांना ते अजिबात आवडलं नाही. "आपोआप? मग मेकॅनिकनं काय करायचं?"

नंतर छप्पर उघडून त्यांना फिरवून आणलं, हळू, इंजिन तापेपर्यंत रेस न देता. गंजलेल्या डिस्क पहिले चार ब्रेक खरखरल्या, एका जागी उभे राहून चपटे झालेले टायर दोन मैल धपधप करत होते. मामा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी बोळ्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. एकशे बारा माणसांचा ग्रुप आहे. फलटणच्या एका आत्येसासूंनी, ज्यांना मी आयुष्यात भेटलेलो नाही, तोंडावर हात ठेवलेली तीन चित्रं पाठवली. आणि वर्षानुवर्षं चौदा मुद्दे पाळतोय, बॅटरी मटारांनी मारली, हे कुणी लिहिलं? कुणी नाही. मीच लिहिलं, त्यावर बायकोने मटार-करंज्यांचा फोटो टाकला. त्याला चाळीस अंगठे आले.

बुधवारी परत बर्फ पडला. गाडी आत घेतली आणि चार्जर लावायला गेलो, तर सॉकेटमध्ये फ्रीझरची पिन.