गरुड चोच आपटत नाही, आणि काका म्हणजे पीस नव्हे

मागच्या रविवारी ताईनं फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. वर ठळक अक्षरांत 'प्रत्येक लीडरनं वाचलंच पाहिजे', खाली पाच मुद्दे, शेवटी हात जोडलेले आठ-दहा इमोजी. असले मेसेज मी न वाचता पुढं सरकवतो. हा वाचावा लागला, कारण त्याच्याखाली ताईनं अभिमानानं भाचीचा एक कागद फोटो काढून टाकला होता.

भाची चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात आहे. डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून लागली, आता मशीन शॉपमधल्या एका लाइनची सुपरवायझर झाली. नव्या सुपरवायझरांना दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग दिलं, हॉटेलच्या एसी हॉलमध्ये. स्लाइडवर हेच पाच मुद्दे होते. पहिला मुद्दा संपल्यावर प्रत्येकाला एक कागद वाटला. त्यावर पंख पसरलेला गरुड, प्रत्येक पिसात रिकामी जागा, आणि वर प्रश्न: 'तुमच्या टीममधली जुनी पिसं कोणती? नावं लिहा.' पोरीनं तीन नावं लिहिली होती. त्यातलं पहिलं नाव ज्या काकांचं, त्यांच्याकडूनच ती सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशीनवर, सेटिंग करायला शिकली. ट्रेनी असताना तिच्या तोंडी रोज त्यांचंच नाव असायचं.

मी 31 वर्षं शॉप फ्लोअरवर काढली आहेत. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

आधी गरुड. मेसेज सांगतो की गरुड 70 वर्षं जगतो. चाळिशीला त्याची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो उंच डोंगरावर जातो, कातळावर चोच आपटून तोडतो, नवी चोच आल्यावर तिनं नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं उपटतो. 150 दिवस हा यज्ञ चालतो आणि पुढं आणखी 30 वर्षांचं आयुष्य मिळतं. 'बदलाच्या वेदना सोसा, नाहीतर संपाल.'

यातलं एकही वाक्य खरं नाही. फोटोत जो पांढऱ्या डोक्याचा गरुड असतो, तो उत्तर अमेरिकेतला. आपल्याकडे तो नाहीच, पण ते सोडून देऊ. अमेरिकेत या पक्ष्यांच्या पायात नंबरची कडी घालतात आणि त्यांची सरकारी नोंद ठेवतात. त्या नोंदींत रानात सर्वांत जास्त जगलेला असा जो गरुड प्रसिद्ध आहे, त्याला 1977 साली कडी घातली होती आणि 2015 साली न्यूयॉर्क राज्यात तो गाडीच्या धडकेनं मेला. वय 38. म्हणजे उच्चांक करणारा गरुडसुद्धा डोंगरावर जायच्या वयाला पोहोचला नाही, आणि आपण चाळिशीनंतरच्या त्याच्या निर्धारावर हॉलभर टाळ्या वाजवतोय.

चोचीचं तर विचारूच नका. चोच म्हणजे आत हाड आणि वर आपल्या नखांसारखं कवच. ते सतत वाढतं आणि खाताना, फांदीवर-दगडावर घासताना झिजतं. म्हातारपणी एकदम वाकून निकामी होईल असं काही त्यात नसतं. ती खरोखर तुटली तर काय होतं, हेही माहीत आहे. अलास्कात 2005 साली गोळी लागून एका गरुड मादीची वरची चोच गेली. तिला धड खाता येईना, पाणी पिता येईना, पिसं साफ करता येईनात. माणसांनी हातानं भरवलं म्हणून ती जगली. शेवटी 2008 साली आयडाहोत तिला कृत्रिम चोच बसवावी लागली. रानात असती तर 150 दिवस कुठले, उपासमारीनं कधीच गेली असती.

आणि पिसं? ती गरुड टाकतोच, पण अशी नाही. थोडी थोडी झडतात, साधारण दोन्ही पंखांवर जोडीनं, म्हणजे तोल राहतो आणि शिकार चालू राहते. मोठ्या गरुडाची सगळी पिसं बदलायला वर्षाहून जास्त काळ जातो. थोडक्यात, प्रॉडक्शन बंद न ठेवता मेंटेनन्स. धडाच घ्यायचा असेल तर हा घ्या म्हणणार होतो, पण पक्ष्यांकडून मॅनेजमेंट शिकायची सवयच नको.

गोष्ट खोटी आहे एवढ्यावर मी चिडलो नसतो. कोल्ह्याला द्राक्षं आंबट लागतात हेही खरं नाही. पण कोल्ह्याच्या गोष्टीनंतर कुणी कागद वाटून 'तुमच्यातला कोल्हा कोण' असं लिहून घेत नाही. इथं गोष्टीतला गरुड स्वतःची पिसं उपटतो आणि हॉलमध्ये सुपरवायझरला दुसऱ्याची उपटायला सांगतात. वेदना सोसायची काकांनी, नवा जन्म व्हायचा मॅनेजमेंटचा. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराला 'जुनं पीस' ठरवण्यासाठी कुणी मशीनचा रेकॉर्ड बघितला नाही, रिजेक्शन बघितलं नाही, कुणाला कोणतं काम येतं याचा तक्ता, म्हणजे स्किल मॅट्रिक्स, उघडला नाही. फक्त एक चित्र दाखवलं.

मी भाचीला फोन केला. म्हटलं, काकांचं नाव का लिहिलंस? तर म्हणे, "मामा, तिथं सगळेच लिहीत होते. रिकामा कागद कसा देऊ? आणि ते टॅबवर कामाची एंट्री करत नाहीत रे." एंट्री करत नाहीत, हा शिकवण्याचा प्रश्न आहे. पिसाचा कुठून आला?

दुसरा मुद्दा लांडग्यांचा. बर्फातून एका रांगेत चाललेला कळप. म्हणे पुढं म्हातारे आणि आजारी, मध्ये बाकीचे, सगळ्यांत मागं एकटा 'अल्फा', म्हणजे म्होरक्या, तो मागून सगळ्यांवर लक्ष ठेवतो. फोटो खरा आहे, कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानात काढलेला. फक्त तिथं एक मादी पुढं राहून बर्फ तुडवत वाट करत होती आणि बाकीचे श्रम वाचवायला तिच्या पावलांवर पाऊल टाकत होते. 'अल्फा' हा शब्द ज्यांच्या 1970 च्या पुस्तकामुळे लोकप्रिय झाला, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच पुढं कॅनडाच्या उत्तरेतल्या एल्झमेअर बेटावर वर्षानुवर्षं लांडगे पाहिले आणि 1999 साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. मारामारी करून वर चढलेला दादा वगैरे काही नाही. ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आलेली. (कोंडलेले, अनोळखी, एकमेकांवर गुरगुरणारे. काही ऑफिसं आठवली, पण असो.)

तिसरा: 'संवादात शब्दांना फक्त 7 टक्के महत्त्व, बाकी 93 टक्के आवाज आणि देहबोली.' हे आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या दोन प्रयोगांतून आले. त्यात माणसं सुटे शब्द ऐकत होती आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. भावना आणि आवडीनिवडी सोडून इतर बोलण्याला हे सूत्र लावू नका, असं त्यांनी स्वतः स्पष्ट सांगितलं आहे. शिफ्ट हँडओव्हरला नुसत्या देहबोलीनं सांगून बघा की तीन नंबरच्या मशीनला ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) बदललाय. सकाळी ट्रॉलीभर स्क्रॅप मिळेल.

चौथा मुद्दा, येल विद्यापीठाच्या 1953 च्या बॅचमधल्या ज्या 3 टक्के मुलांनी ध्येयं लिहून ठेवली होती, त्यांनी पुढं बाकी 97 टक्क्यांहून जास्त पैसा कमावला. असा अभ्यास झालाच नव्हता, हे येलनंच सांगितलं आहे. पण इथं थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजानं. स्पष्ट आकड्यातलं टार्गेट 'जमेल तेवढं करा' यापेक्षा उपयोगी पडतं. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांचं आयुष्यभराचं काम त्यावरच आहे. लाकडं वाहणाऱ्या ट्रकवाल्यांवरचा 1975 चा अभ्यास मला विशेष आवडतो: ट्रक कायदेशीर मर्यादेच्या साधारण 60 टक्केच भरून निघायचे. 94 टक्क्यांचं टार्गेट दिल्यावर भार 90 च्या आसपास गेला. तेव्हा टार्गेट लिहा, जरूर लिहा. फक्त येलला मध्ये आणू नका.

पाचवा, 'बॉस म्हणतो जा, लीडर म्हणतो चला'. ठीक आहे. रात्री दोन वाजता कूलंट गळायला लागलं की 'जा, मेन स्विच बंद कर' असंच म्हणावं लागतं.

मग सुपरवायझरला शिकवायचं काय, असं ताईनं विचारलं. जरा रागानंच, कारण मी सगळ्यांसमोर ग्रुपवर लिहिलं होतं. उत्तर जुनं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अनुभवी लोक कमी पडले, तेव्हा सरकारनं 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालवला. 1940 ते 45 या काळात लाखो सुपरवायझर त्यातून तयार झाले, युद्धानंतर तो जपानला गेला आणि टोयोटानंही तो उचलला. त्यात काम शिकवायच्या चार पायऱ्या आहेत: माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग एकटं सोडून मध्ये मध्ये जाऊन बघा. दाखवताना नुसतं 'असं कर' पुरत नाही. कळीची जागा कोणती आणि तीच का, हे सांगावं लागतं. आणि एक वाक्य ते कार्डावर छापून देत: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलं नाही. म्हणजे टॅबवरची एंट्री येत नाही, याचा जाब आधी सुपरवायझरला.

भाचीला मी हे फोनवर सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, एंट्री मी त्यांना दुपारच्या चहानंतर दाखवते, लाइनवर सगळ्यांसमोर नको. हे तिला कुठल्या स्लाइडनं शिकवलं नव्हतं.

आता तिनं एक उलटं काम काढलं आहे. काकांचं सेटिंग ती त्यांच्याकडून पायरी-पायरीनं लिहून घेते आहे, नव्या पोरांना शिकवता यावं म्हणून. फिक्श्चर, क्लॅम्पिंग (म्हणजे भाग मशीनवर पक्का धरणं), पहिला तयार भाग तपासणं, सगळं कागदावर उतरलं. एका जागी अडलंय. इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारा झिजणारा तुकडा, बदलायची वेळ झाली हे काका आवाजावरून ओळखतात. "मामा, आवाज कागदावर कसा लिहायचा?" मला नाही माहीत, त्यांनाच विचार, म्हटलं.