3 महिन्यात नर्स? नाही हो
व्हॉट्सॲपवर फिरतंय की सरकारी योजनेत 3 महिन्यात नर्स व्हा, सरकारी नोकरी पक्की, फक्त फॉर्मचे पैसे भरा. साफ खोटंय. दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत गरीब घरातल्या 15 ते 35 वयाच्यांना (बायकांना 45 पर्यंत) जनरल ड्युटी असिस्टंटचं ट्रेनिंग मिळतं, म्हणजे पेशंटची कूस बदलणं, स्पंज करणं, बेडपॅन देणं, टेंपरेचर बघून सिस्टरला सांगणं, आणि हे काम अजिबात हलकं नाहीये, पण असिस्टंट म्हणजे नर्स नव्हे. नर्सिंगला एएनएम (सहाय्यक नर्स-दाईचा कोर्स) 2 वर्षं नाहीतर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) 3 वर्षं, असा कोर्स आणि नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन लागतंच. ट्रेनिंग फुकट आहे, कुणालाही एक रुपया देऊ नका. नोकरी मिळवायला मदत करतात, सरकारी नोकरीची गॅरंटी नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, स्क्रीनशॉट डिलीट करू नका.