मरून मफलर

सवाई गंधर्व संगीत महोत्सवावरचा मुक्ताचा लेख सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेला होता. बंडोपंतांनी बूड टेकायच्या आधीच तोफ डागली.

"राग मारवा लिहिलाय! अरे, पूरिया होता तो. एवढं कळत नाही त्यांना सवाईला पाठवतात कशाला?"

चूक होती, हे खरंच. पण बंडोपंतांचं खरं दुखणं चौथ्या परिच्छेदात होतं. 'मरून मफलरवाल्या काकांनी तंबोरे जुळवतानाच "क्या बात है" म्हणून घेतलं आणि गाणं सुरू झालं तेव्हा ते वड्याच्या रांगेत होते.' मफलर आत्ताही गळ्यात होता.

सुध्या, म्हणजे मुक्ताचा बाप, चहात बिस्कीट बुडवून गप्प.

"बंड्या, दोन्हींत फरक काय?" शिरीषनं विचारलं.

"तो सांगायचा नसतो. त्याला कान लागतो."

"स्वर तेच. कोमल रे, तीव्र म, पंचम नाही. मारवा रे-धवर ठाण मांडतो, पूरिया ग-नीवर. भलेभले फसतात, पोरगी 19 वर्षांची आहे."

"म्हणून तर जाणत्यानं लिहावं! सवाई रमणबागेत व्हायचा तेव्हा आम्ही रात्र रात्र जागून पहाटे भीमसेनअण्णांना ऐकलंय."

रमणबाग आली की घोंगडी, थर्मास आणि पहाटेची थंडी ओघानं येतेच. त्या घोंगडीवर बंडोपंत काय करत, हे घोंगडीच्या मालकाला, म्हणजे मला, पक्कं माहीत आहे. घोरत.

"आणि श्रोते मंत्रमुग्ध झाले, असं एक वाक्य नाही अख्ख्या लेखात!"

"झाले नव्हते, काका." किल्ली द्यायला आलेली मुक्ता गाडीवरूनच बोलली. "दहाला माइक बंद होणार म्हणून साडेनऊपासून निम्मे लोक घड्याळ बघत होते. मंत्रमुग्ध माणसाला पार्किंग आठवत नाही."

मी वर्षानुवर्षं सवाईच्या बातम्या वाचतोय. विलंबित, द्रुत, साथीला अमुक, उत्स्फूर्त दाद. नावं बदला, मागच्या वर्षीची बातमी यंदा चालेल. मुक्ताच्या लेखात मात्र भारतीय बैठकीवरच्या एक आजी होत्या. गुडघ्यावर बोटांनी एकताल मोजत, समेवर शेजारच्या अनोळखी मुलीचा हात दाबणाऱ्या. या एका आजीसाठी मी तिला दहा मारवे माफ करीन.

"हात दाबून बातमी होत नाही," बंडोपंत म्हणाले. "माहिती नव्हती तर विचारायचं कुणाला तरी!"

"विचारलं ना." तिनं वही काढली, पान शोधलं आणि सुध्याच्या हातात दिली.

सुध्या सकाळपासून पहिल्यांदा बोलला. "सायंकाळ, मुकुंदनगर. राग मारवा. कंसात, बंडूकाका."

शिरीषच्या नाकातून चहा आला.

"मी... गोंगाटात पूरियाच म्हणालो असेन. तिनं मारवा ऐकलं!"

"वड्याच्या रांगेत गोंगाट असायचाच," शिरीष म्हणाला. "ते जाऊ दे. स्वाइन फ्लूच्या साली सवाई डिसेंबरातून जानेवारीत गेला, तेव्हा माझ्या सीझन पासवर बसलास. त्याचे पैसे?"

"दिले होते!"

"कुणाला?"

बंडोपंतांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी चहावाल्याकडे.