अक्षतेच्या दिवशी केबल गेली त्याबद्दल

ताई नमस्कार, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत ऐन अक्षता सोहळ्याला, म्हणजे देवाच्या लग्नाला, केबल गेली ती अडीच तास आलीच नाही, सासूबाईंना गुडघ्यामुळं सोहळा होतो त्या संमती कट्ट्यापर्यंत जाता येत नाही म्हणून त्या हातात अक्षता धरून टीव्हीसमोर बसल्या होत्या, आणि पावतीवर "डबल बॅकअप" छापता तो बॅकअप गेला कुठं. शेवटी असंही लिहिलंय की रिचार्ज करून घ्यायला हे लोक मुद्दाम बंद करतात.

मुद्दाम नाही हो ताई. त्या दिवशी कुणी आपल्या हातानं केबल बंद करेल का सोलापुरात? बाकी सगळं बरोबर लिहिलंय, चूक आमची आहे, आणि माफी मागतो, सासूबाईंची आधी.

आता झालं काय ते सांगतो. पूर्वी ॲनालॉग होतं तेव्हा प्रत्येक चॅनलला वेगळा मॉड्युलेटर असायचा, एक बिघडला तर एक चॅनल जायचं. सोलापूर केबल डिजिटल करायच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, ३१ मार्च २०१३ ची मुदत, तेव्हापासून सगळी चॅनल लॉक करून पाठवावी लागतात आणि त्या लॉकची चावी दर काही सेकंदांनी बदलते. ती चावी कंट्रोल रूममधल्या कॅस सर्व्हरकडून (हा लॉक-चावी सांभाळणारा कॉम्प्युटर) मक्सकडं, म्हणजे सगळी चॅनल एकत्र करणाऱ्या मशीनकडं, आणि तिथून तुमच्या बॉक्सपर्यंत येते. चावी आली नाही की डिश चांगली, केबल चांगली, बॉक्स चांगला, तरी स्क्रीन काळी, आणि एक नाही सगळीच चॅनल एकदम. म्हणून आम्ही कॅसचे दोन सर्व्हर घेतले होते, एक चालू, एक तयारीत. ते खरंच आहेत, पावतीवर खोटं छापलं नव्हतं.

पण दोन्ही सर्व्हरच्या वायरी जात होत्या एकाच नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे मशीन एकमेकांना जोडणाऱ्या डब्यात. त्या दिवशी तो स्विचच मेला. दोन्ही सर्व्हर ठणठणीत, हिरवे दिवे लागलेले, आणि मक्सपर्यंत पोचायला रस्ताच नाही. त्यात हे दोन सर्व्हर "तू चालू आहेस का" असं एकमेकांना विचारत राहतात ते पण त्याच स्विचमधून, त्यामुळं तयारीतल्याला वाटलं पहिला गेला आणि तो पण मुख्य होऊन बसला. आम्ही पाऊण तासात दुसरा स्विच आणून लावला तर दोघं एकाच आयपीवर (नेटवर्कमधल्या पत्त्यावर) भांडायला लागले, चावी कधी याची कधी त्याची, चित्र यायचं आणि जायचं. एकाला बंद करायचं हे कळायलाच इतका वेळ गेला, तोपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या.

दोन मशीन घेतल्या म्हणजे बॅकअप झाला असं मी इतकी वर्षं समजत होतो. दोघांच्या मधलं एकेक बघायला पाहिजे होतं, स्विच, यूपीएस, अगदी भिंतीतला बोर्डसुद्धा, ते मी बघितलं नाही.

आता स्विच दोन केलेत, प्रत्येक सर्व्हरच्या दोन वायरी दोन वेगळ्या स्विचला. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत, ते आधी एकाच यूपीएसवर होते (हे पण तेव्हाच लक्षात आलं), आता दोन वेगळ्या यूपीएसवर. दोन सर्व्हरमध्ये एक वायर थेट टाकली, म्हणजे स्विच गेला तरी एकमेकांची खबर राहते. आणि पहिला दुरुस्त झाला की आपोआप परत मुख्य होणार नाही, माणूस बघून करणार. रिचार्जचा डेटा पण लगेच दुसऱ्या सर्व्हरवर उतरतो, नाहीतर सकाळी रिचार्ज केलेल्याचं दुपारी बंद दिसायचं.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे दर महिन्याला पहाटे तीनला चालू सर्व्हरची वायर खरोखर उपटून बघतो. पहिल्या वेळी मी स्वतः उपटली, पोरं मॉनिटरकडं बघत उभी, चित्र थांबलं, चार-पाच सेकंद कुणी श्वास घेतला नाही, मग चालू झालं. पण त्याच रात्री कळलं की दुसऱ्या सर्व्हरचं घड्याळ अकरा मिनिटं मागं आहे, रिचार्ज कधी संपतो ते या घड्याळावरच ठरतं, ते लगेच जुळवलं. वायर उपटली नसती तर ते पण असंच राहिलं असतं.

अजून सगळं झालेलं नाही. शहरातल्या जुळे सोलापूर भागाकडं जाणारी मुख्य फायबर एकाच रस्त्यानं जाते, कुठं जेसीबी लागला की तिकडचं बंद, तिथं सर्व्हर दहा असले तरी उपयोग नाही. दुसऱ्या रस्त्यानं लाईन टाकायचं काम चालू आहे. ते होईपर्यंत पावतीवरून "डबल बॅकअप" काढून टाकलंय.

सासूबाईंसाठी एक करता येईल. त्या दिवशी आमचा कॅमेरा चालूच होता, प्रक्षेपण गेलं तरी रेकॉर्डिंग पूर्ण आहे, नंदीध्वज येण्यापासून शेवटच्या मंगलाष्टकापर्यंत. पेन ड्राइव्हमध्ये भरून ठेवलंय. ऑफिसला फोन करून फक्त कधी घरी असता ते सांगा, पोरगा येऊन टीव्हीला लावून देईल, पैसे काही नाहीत.