बोटाची समजूत

काचेवर टाइप करणं हा बोटांवरचा अन्याय आहे. काच दबत नाही, कट् करत नाही. अक्षर उमटलं की नाही हे कळतं डोळ्यांना, आणि तेही भलताच शब्द पाठवून झाल्यावर. मग बोटाची समजूत काढायला फोनमध्ये एक थरथरणारा पुर्जा बसवतात. आपण अक्षर दाबलं की तो हलतो. खरं तर त्या अक्षराखाली काहीच हलत नाही, अख्खा फोन हलतो आणि धक्का फोन धरलेल्या तळहातालाही बसतो. पण मेंदू सगळं श्रेय टाइप करणाऱ्या अंगठ्याला देऊन मोकळा होतो. इतकी सोपी फसवणूक असूनही ती धड न जमणारे फोन आहेत, आणि माझी तक्रार त्यांच्याबद्दल आहे.

स्वस्त फोनात असते नाण्यासारखी चपटी मोटर, व्यास साधारण ८ ते १० मिलिमीटर. तिच्या आत वजन मुद्दाम एका बाजूला बसवलेलं असतं, त्यामुळे ती फिरली की फोन हादरतो. मिनिटाला १२,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २०० थरथरी, अर्थात २०० हर्ट्झ. त्वचेखाली असलेले, कंपन ओळखणारे पाचिनी कण २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासच सर्वांत तल्लख असतात, म्हणजे जोराबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते येण्याजाण्याबद्दल. या मोटरीला वेग घ्यायलाच ५० ते १०० मिलिसेकंद लागू शकतात. आणि थांबणं तर काय, ‘बराय, निघतो’ म्हणून उंबरठ्यावर नव्याने गप्पा सुरू करणाऱ्या पाहुण्यासारखं. सेकंदाला सहा अक्षरं टाइप केली तर दोन अक्षरांत जेमतेम १६७ मिलिसेकंद मिळतात. पहिली थरथर विरायच्या आत दुसरी दारात हजर. सहा टिचक्यांऐवजी हाताला एकच लांबलचक घुर्रर्र लागते, आणि त्यातली कुठली घुर्र कुठल्या अक्षराची, हे शोधणं ज्याचं त्यानं.

हळू फिरवावी म्हटलं, तर वेग निम्मा केल्यावर धक्का एक चतुर्थांशावर येतो आणि थरथरही बोटाला नीट न जाणवणाऱ्या पट्टीत उतरते. हळुवारपणा या मोटरीच्या स्वभावातच नाही.

महाग फोनात सरळ रेषेत हलणारा पुर्जा असतो. स्प्रिंगवर टांगलेलं वजन, शेजारी चुंबक आणि तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून उलटसुलट वीज सोडली की वजन मागेपुढे झुलतं. प्रत्येक पुर्ज्याची झुलण्याची एक लाडकी वारंवारता असते, बहुधा १५० ते २३५ हर्ट्झच्या दरम्यान. तिच्यापासून थोडं ढळलं की तो रुसतो आणि जोर झपकन उतरतो. म्हणून चांगली चालक चिप त्याच्याकडून उलट येणारं व्होल्टेज मोजत त्याचा ठेका धरून ठेवते. पण तिची खरी करामत वेगळीच. सुरुवातीला ती जास्त व्होल्टेजचा रट्टा देते आणि काम झालं की उलट्या दिशेनं रट्टा देऊन वजन जागच्या जागी थोपवते. त्यामुळेच ‘टक्’ ही टक् राहते, तिची टरर्र होत नाही. जाहिरातीत थरथरीचा जोर मिरवतात. मी तर ती किती लवकर गप्प बसते ते बघतो.

हे जमलं तर फसवणूक बेमालूम होते. २०१६ च्या आयफोन ७ चं होम बटण दबतच नाही. तो ‘टक्’ पूर्णपणे आतल्या पुर्ज्याचा असतो. फोन बंद असताना दाबून पाहा, नुसता दगड!

थरथर अचानक गेली तर लगेच दुरुस्तीला धावू नका. अनेक फोन बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये ती परस्पर बंद करतात. आयफोनवर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मधल्या ‘टच’ खाली ‘व्हायब्रेशन’ बंद असेल, तर आपत्तीच्या इशाऱ्यांसकट सगळंच मुकं होतं. आवाज रेकॉर्ड होत असताना थरथर गेली, तर तो बहुधा बिघाड नसतो. माइकनं घुर्र टिपू नये म्हणून ती मुद्दाम दाबलेली असते. जाड रबरी कव्हरही बराच धक्का गिळतं, तेव्हा आधी ते काढून बघा. फोन पडल्यानंतर मात्र टक् ऐवजी खरखर येत असेल, तर स्प्रिंग वाकलेली असू शकते किंवा मोटर चिकटवलेली जागा सुटलेली असू शकते. तिथे सेटिंग चाळून उपयोग नाही, पुर्जाच बघावा लागतो.

टाइप करतानाची घुर्रर्र मात्र घरीच आवरता येते. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये स्वल्पविराम दाबून धरा, सेटिंग्ज उघडा आणि ‘प्रेफरन्सेस’मध्ये कंपनाची तीव्रता बघा. आकडा मिलिसेकंदांत असेल तर तो कमी करत जा आणि दर वेळी एकच अक्षर दहादा भरभर टाइप करा. दहा टिचक्या सुट्या मोजता आल्या की थांबा. आकडा खूप खाली नेलात तर फिरणारी मोटर वेग घ्यायच्या आतच बंद होईल आणि हाताला काहीच लागणार नाही. मोजता येतील इतक्या सुट्या आणि जाणवतील इतक्या ठळक टिचक्या कुठल्याच आकड्यावर मिळत नसतील, तर मोटर गोल फिरणारी आहे असं समजून कीबोर्डची थरथर सरळ बंद करा. आयफोनवर ती २०२२ च्या आयओएस १६ पासून आली. ‘साउंड्स अँड हॅप्टिक्स’मधल्या ‘कीबोर्ड फीडबॅक’मध्ये तिचं बटण आहे. ती चालू ठेवली तर बॅटरीवर परिणाम होऊ शकतो, हे खुद्द कंपनीच सांगते.