‘संगीताची झूल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इंग्रज संगीतकार जेराल्ड फिंझीने शेक्सपियरच्या ‘सिंबेलीन’ नाटकातल्या ‘फिअर नो मोअर द हीट ओ’ द सन’ या शोकगीताला लावलेल्या चालीवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया : ‘या शब्दांवर संगीताची झूल कशाला? नाटकातही ती दोन पोरं हे गात नाहीत, नुसतं म्हणतात. पण साहेबाचं म्हटलं की तुम्हाला सगळंच थोर.’

शेवटचं वाक्य कशासाठी? मतभेद जरूर मांडा. माझी नियत काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

लेखासोबत मी दिलेलं ध्वनिमुद्रण जरा जास्तच संथ आहे, हे मान्य.

पण ‘नुसतं म्हणतात’? ‘सिंबेलीन’चा चौथा अंक पुन्हा उघडा. मित्र मेला असं समजून त्याला निरोप देणाऱ्या त्या दोन भावांतला धाकटा आर्विरेगस स्वतः म्हणतो, आवाज फुटले असले तरी गाऊ या, आईला निरोप देताना गायलो होतो तसंच, तेच सूर, तेच शब्द. थोरला ग्विडेरियस म्हणतो, मला गाता येणार नाही, मी रडेन. शब्द तेवढे म्हणतो. म्हणजे या शब्दांना चाल होती, त्या घरात ती गायली गेली होती. त्या दिवशी गळा साथ देईना, एवढंच. त्यावरून शब्दांना सूरच नको, असा निष्कर्ष तुम्ही कसा काढलात?

आणि फिंझीने काय केलंय, ते ऐकलंत तरी का? तीन मात्रांची संथ चाल, बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एकच स्वर. शेवटी भुताखेतांपासून रक्षण मागणाऱ्या ओळी आल्या की चाल जवळजवळ थांबते, गाणारा बोलण्याच्या काठावर येतो. तुम्हाला हवं असलेलं ‘नुसतं म्हणणं’ त्याने गाण्यातच ठेवलंय.

मी हे लांबून बोलत नाही. कॉलेजपासून पाश्चात्त्य गायनवृंदात बॅरिटोन, म्हणजे पुरुषांच्या मधल्या पट्टीत, गातो. वडील गेले त्या वर्षी हे गाणं मी गायलो, आणि त्याच ओळींनी मला सावरलं. फिंझीचे वडील तो आठ वर्षांचा होण्याआधीच गेले, पाठोपाठ तीन भाऊ, आणि 1918 मध्ये त्याचे गुरू अर्नेस्ट फॅरर युद्धात मारले गेले. हे गाणं त्याने 1929 मध्ये लिहिलं. अशा माणसाच्या कामाला झूल म्हणताना थोडा तरी विचार करायचा होता.

नेमक्या कुठल्या ओळीत संगीताने शब्द झाकला, तेवढं दाखवा. ओळ सांगा, मग बोलू.