मधयंत्रात उकळतं पाणी ओतू नका

मधयंत्रातून, म्हणजे पोळ्यांच्या चौकटी पिंजऱ्यात फिरवून मध काढायच्या पिंपातून, जांभळाचा मध काढून झाला की दरवर्षी एक सल्ला मोबाइलवरून फिरायला लागतो: ‘यंत्रात उकळतं पाणी ओता, मध-मेण एका दमात निघतं. वेळ नसेल तर यंत्र पेट्यांजवळ उघडं ठेवा, माश्याच चाटून साफ करतील. तेही जमलं नाही तर राहू द्या, मध कधी खराब होत नाही. वास आलाच तर ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवा.’ घरी मधमाश्यांच्या दोन-चार पेट्या ठेवणारे बरेच जण हे तंतोतंत पाळतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

उकळतं पाणी. मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, पण पाण्यात विरघळत नाही. ते पाण्यावर तरंगतं आणि पाणी तोटीतून उतरत जाईल तसं पिंपाच्या पत्र्यावर, पिंजऱ्याच्या तारांवर, तोटीच्या आट्यांत बसत जातं. आधी नखाने उडाला असता तो टोपणाचा, म्हणजे पोळ्यातल्या मधावरच्या मेणाच्या झाकणाचा, तुकडा आता बोटाला मेणचट लागणारा पातळ थर होतो आणि साबणालाही दाद देत नाही. मोरीच्या पाइपात गेलेलं मेण तिथेच गोठतं, ते वेगळंच.

मध पाण्यात विरघळतो, मेण विरघळत नाही. धुण्याची रीत यावरच बेतायची. यंत्र तोटीकडे कलतं करून रात्रभर निथळू द्या, उरलेला मध रबरी उलथण्याने ओढून घ्या. तोटी बंद करून ५-६ लिटर गार पाणी ओता, पिंजरा हळूहळू फिरवत पाणी सगळीकडे उडू द्या, अर्धा तास थांबा आणि पाणी मलमलीतून गाळून काढा. मेणाचे कण कापडावर राहतात, बोटांत चुरडतील इतके ठिसूळ. पाणी गोड लागेनासं होईपर्यंत, म्हणजे दोन-तीनदा, हेच करा. मग हात सहज बुडेल इतकं कोमट पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. तारेची घासणी नको; ओरखड्यांत पुढच्या वेळचा मध अडकतो. तोटी पूर्ण सोडवा, तिचं वॉशर काढा. सर्वांत जास्त मध तिथेच लपतो. वरच्या गिअरला आणि बेअरिंगला पाणी लागू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा; तिथे वंगण लावायचं तर खाद्यपदार्थांच्या यंत्रांसाठीचंच.

आधीच मेणाचा थर बसला असेल तर खाद्यतेलाच्या फडक्याने घासा, मग साबण लावा. गरम पाणी चालतं ते टोपणं कापायच्या सुरीला आणि स्टीलच्या गाळणीला, तेही वेगळ्या जुन्या पातेल्यात. गार झाल्यावर मेणाची चकती वरून उचलता येते.

माश्यांकडून साफसफाई. चारही सल्ल्यांत हा सर्वांत घातक. उघड्यावरच्या मधाला परिसरातल्या सगळ्या वसाहती येतात, मारामारी सुरू होते आणि हीच लूट पुढे दुबळ्या पेटीच्या दारात पोचते. सातेरी, म्हणजे पेटीत पाळली जाणारी आपली देशी माशी, अशा त्रासाने पेटी सोडून निघूनही जाते. पिंपात बुडून मरणाऱ्या माश्या वेगळ्याच. त्यात रोग पसरतात. अमेरिकन फाउलब्रूड या माश्यांच्या अळ्यांच्या रोगाचे बीजाणू मधात दशकानुदशके टिकतात. थाई सॅकब्रूड या विषाणूने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला होता. मध काढलेल्या ओल्या पोळ्यांच्या चौकटी मात्र माश्यांना जरूर द्या: ज्या पेटीतल्या त्याच पेटीत, सूर्यास्तानंतर, दार अरुंद करून. धुण्याचं पहिलं गोड पाणीही पेट्यांजवळ फेकू नका, खड्ड्यात ओतून मातीने झाका.

‘मध खराब होत नाही.’ बरणीतला, घट्ट झाकणाखालचा, पक्व मध टिकतो हे खरं. पत्र्यावर पसरलेला थर हवेतलं पाणी ओढतो. हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असेल तर मधातलं पाणी सुमारे १८ टक्क्यांवर स्थिरावतं; ८० टक्क्यांना ते ३३च्या घरात जातं. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे त्याहून दमट असते. इतक्या पातळ मधात यीस्ट वाढतं, फेस येतो, आंबूस वास सुटतो. पुढच्या हंगामाचा पहिला मध त्यावरूनच वाहतो आणि यीस्ट सोबत घेऊन बरणीत जातो. आपला मध आधीच २० टक्क्यांच्या आगेमागे असतो, त्याला एवढंही पुरतं. यंत्र जस्ताच्या पत्र्याचं असेल तर मधातलं आम्ल जस्तही खातं. असं यंत्र कितीही धुतलं तरी वापरू नये.

ब्लीचिंग पावडर. क्लोरीनने स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात, तिथून गंज धरतो. स्वच्छ धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या स्टीलला घरगुती वापरात हिची गरज नाही.

वाळवण्यात मात्र कसर नको. कोरड्या सुती फडक्याने पुसून घरातच पंख्याखाली दिवसभर ठेवा, पिंजरा बाहेर काढून. तोटीच्या आट्यांत टिश्यू पेपर फिरवून पाहा. ओला निघाला तर अजून थांबा. मग तोंडाला सुती कापड बांधून, तोटी उघडी ठेवून यंत्र जमिनीपासून उंच ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर आत दमट हवा कोंडते.